दोष की चूक? एका ग्रीक शब्दाचा प्रवास



पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझी तीन महिन्यांची रीडिंग्ज वाया गेली. स्टँडर्ड सोल्यूशन जुनं झालं होतं आणि मी ते नव्याने बनवलंच नव्हतं. त्या रात्री मी डायरीत लिहिलं, 'मी निष्काळजी आहे.' 'माझ्याकडून एक चूक झाली' असं नाही, थेट स्वभावावरच शिक्का! पुढे नाट्यशास्त्राच्या इतिहासावर थोडं वाचन झालं, तेव्हा कळलं की शोकांतिकेच्या अभ्यासातही नेमका हाच गोंधळ झालेला आहे.

इ.स.पू. चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने 'पोएटिक्स' लिहिलं. त्याच्या 13व्या प्रकरणात तो म्हणतो की नायकाचा नाश दुष्टपणामुळे नव्हे, तर एखाद्या 'हमार्तिया'मुळे व्हावा. या शब्दामागच्या क्रियापदाचा जुना अर्थ आहे नेम चुकणे. होमरच्या काव्यात फेकलेला भाला चुकतो, तेव्हा हेच क्रियापद येतं. पुढे बायबलच्या नव्या करारात हमार्तिया म्हणजे 'पाप' झालं. म्हणजे शब्द तोच, पण अर्थ कृतीकडून माणसाच्या नैतिकतेकडे सरकला.

ॲरिस्टॉटलने उदाहरण दिलंय ईडिपसचं. आपण बापाला मारणार आणि आईशी लग्न करणार, असं भाकीत ऐकून तो कॉरिंथ सोडतो. का? तर ज्यांना तो आईबाप समजतो ते तिथे असतात. निर्णय चांगल्या हेतूने घेतलेला, पण हातातली माहिती चुकीची. वाटेत तिठ्यावर भांडण होतं आणि तो एका म्हाताऱ्याला मारतो. तोच त्याचा खरा बाप. ईडिपस रागीट आहे हे खरंच. पण बाप कोण हे त्याला ठाऊक असतं, तर हे घडलं असतं का?

मग 'हमार्तिया म्हणजे स्वभावदोष' हे समीकरण एवढं पक्कं कसं झालं? यात शेक्सपिअरच्या अभ्यासाचा मोठा वाटा आहे. 1904 मध्ये ए. सी. ब्रॅडलीने स्वभावातून कृती आणि कृतीतून नाश अशी साखळी मांडली. मॅकबेथला ती छान बसते. अडचण होते ती तीच चौकट ग्रीक नाटकाला लावली की. 1966 मध्ये ई. आर. डॉड्स या अभ्यासकाने ऑक्सफर्डच्या परीक्षेतल्या उत्तरांवरून एक लेख लिहिला. ईडिपस वाईट होता म्हणून त्याला शिक्षा झाली, असं अनेक विद्यार्थ्यांनी लिहिलं होतं, आणि डॉड्सने ते खोडून काढलं.

आपल्याकडे आगरकरांनी 1883 मध्ये 'हॅम्लेट'चं भाषांतर केलं, त्याचं नावच 'विकारविलसित'. भर मनोविकारांवर! 1970च्या 'नटसम्राट'मधले अप्पासाहेब मात्र मला दोन्हींच्या मधले वाटतात. सगळी मिळकत मुलांना देऊन टाकणं ही चूक, पण ती होते विश्वासातून.

संशोधनाकडे वळणाऱ्यांसाठी नाटकातली एक गोष्ट मुद्दाम सांगतो. जुन्या राजाला 'दरोडेखोरांनी', म्हणजे अनेकांनी मारलं, असं वाचलेल्या एकमेव साक्षीदाराने सांगितलेलं असतं. खुनी एक की अनेक, यावर ईडिपसचं निर्दोषत्व टिकून असतं. तेच विचारायला तो साक्षीदाराला बोलावतो. पण साक्षीदार येईपर्यंत ईडिपसच्या जन्माचा प्रश्न पुढे आलेला असतो, आणि मूळ प्रश्न विचारायचा राहूनच जातो! आपल्याही कामात असं होतं. नवा डेटा आला की जुनी शंका मागे पडते.

म्हणून सवय एकच लावा. काही बिघडलं की आधी विचारा: त्या क्षणी मला काय माहीत होतं, काय तपासता आलं असतं आणि मी काय तपासलं नाही? 'मी असाच आहे' या उत्तरातून पुढचा प्रयोग सुधारत नाही. मी डायरीतलं ते वाक्य खोडलं आणि खाली लिहिलं, 'सोल्यूशनच्या बाटलीवर तारीख टाकणे.' आता टाकतो.