शूटिंगच्या नावाखाली फसवणूक : सही केली म्हणून गुन्हा माफ होत नाही

पुण्याहून पिरंगुट ओलांडून मुळशीकडे निघालं की कासार आंबोली लागते. या पट्ट्यात भाड्याने मिळणारे बंगले आणि फार्महाऊस बरेच आहेत. इथल्या कोणावर आमचा आरोप नाही. पण मार्च २०२४ मध्ये शेजारच्या मावळ तालुक्यात मळवलीजवळच्या एका बंगल्यात अश्लील चित्रीकरण होत असल्याच्या प्रकरणात लोणावळा ग्रामीण पोलिसांनी कारवाई केली. म्हणून प्रत्येक घरात माहीत असाव्यात अशा गोष्टी आम्ही इथे देत आहोत.

मढचं प्रकरण

फेब्रुवारी २०२१ मध्ये मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेने मालाडजवळ मढ इथल्या बंगल्यावर छापा टाकला. वेब सिरीजमध्ये काम देतो म्हणून तरुणींना बोलवायचं, ऐन शूटिंगला स्क्रिप्ट बदलायची आणि नकार दिला की धमकवायचं, असा आरोप होता. याच प्रकरणात १९ जुलै २०२१ रोजी उद्योजक राज कुंद्रा यांना अटक झाली. त्यांनी आरोप नाकारले आणि सप्टेंबरमध्ये त्यांना जामीन मिळाला. अटक म्हणजे दोष सिद्ध झाला असं नव्हे, हे लक्षात ठेवावं.

कायदा काय म्हणतो?

'करारावर सही आहे, आता पैसे भर' अशा धमकीला मुली घाबरतात. पण बेकायदेशीर उद्देशाचा करार भारतीय करार कायद्याच्या कलम २३ नुसार रद्दबातल ठरतो. फसवून किंवा धाक दाखवून घेतलेली सही खरी संमती नाही.

भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ आणखी एक गोष्ट सांगतं. बाईने खासगी चित्रीकरणाला होकार दिला, पण ते इतरांना दाखवायला दिला नाही, तर ते पसरवणं गुन्हा आहे. उघड लैंगिक कृत्याचा व्हिडिओ इंटरनेटवर टाकल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७अ खाली पहिल्याच गुन्ह्याला ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड आहे. मुलगी किंवा मुलगा १८ वर्षांखालील असेल तर पोक्सो लागतो. तिथे संमतीचा प्रश्नच येत नाही.

न्याय मिळतो का?

मिळतो. अमेरिकेत सॅन डिएगोमध्ये 'गर्ल्स डू पॉर्न' या साईटने मॉडेलिंगच्या जाहिराती देऊन मुली बोलावल्या. व्हिडिओ इंटरनेटवर येणार नाही, असं खोटं सांगितलं. २२ महिला कोर्टात गेल्या. जानेवारी २०२० मध्ये त्यांना सुमारे १ कोटी २७ लाख डॉलरची भरपाई मंजूर झाली. फौजदारी खटल्यात मुलींना फसवणाऱ्या एका कलाकाराला २०२१ मध्ये २० वर्षांची, तर मुख्य सूत्रधार मायकेल प्रॅट याला २०२५ मध्ये २७ वर्षांची शिक्षा झाली.

असं घडलं तर काय करायचं?

- चॅट, कॉल, करार, पैसे आल्याचे मेसेज काहीही डिलीट करू नका. व्हिडिओ मात्र कोणालाही पुढे पाठवू नका.
- घटना कुठेही घडलेली असो, जवळच्या पोलीस ठाण्यात 'झिरो एफआयआर' नोंदवता येतो. तातडीला ११२, महिलांसाठी १८१.
- राष्ट्रीय सायबर क्राईम पोर्टलवर ऑनलाईन तक्रार करता येते.
- ज्या साईटवर किंवा ॲपवर व्हिडिओ आहे तिथेही तक्रार करा. पीडितेची तक्रार आल्यावर २ तासांत तो हटवण्यासाठी पावलं उचलणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.
- वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. उत्पन्न कितीही असो, महिलांना तिथे मोफत वकील मिळतो.

शेवटचं आई-वडिलांसाठी. बदनामीची भीती हेच या लोकांचं सगळ्यात मोठं हत्यार आहे. मुलगी रडत घरी आली, तर 'तू गेलीसच कशाला?' हा प्रश्न त्या दिवशी विचारू नका. तिला जवळ बसवा, पाणी द्या आणि तिच्यासोबत पोलीस ठाण्यात जा. मान खाली घालायची ती फसवणाऱ्यांनी, तिने नाही.