नागोयाहून आलेला बेंजो

महाराष्ट्रात, विशेषतः मुंबईत आणि कोकणपट्टीत, ज्या वाद्याला बेंजो म्हणतात ते मूळचे जपानी आहे. मांडीवर किंवा स्टँडवर आडवी ठेवलेली लांबट लाकडी पेटी, तिच्यावरून ताणलेल्या पोलादी तारा, तारांच्या वर टाइपरायटरसारख्या कळा, डाव्या हाताची बोटे कळांवर आणि उजव्या हातात नखी असे त्याचे रूप असते. कातडे मढवलेल्या गोल अमेरिकन बँजोशी त्याचे नावापुरतेच साम्य आहे. उत्तर हिंदुस्थानात या वाद्याला बुलबुल तरंग म्हणतात. जपानमध्ये त्याचे नाव ताइशोगोतो असून ते 1912 साली नागोया शहरात तयार झाले. गणपतीच्या मिरवणुकीत, हळदीच्या रात्री आणि कोळीवाड्यातल्या लग्नात वाजणारे हे वाद्य एका जपानी कारागिराच्या डोक्यातून निघाले आहे, हे मराठी माणसाला सहसा ठाऊक नसते. त्याचा इतिहास नीट लिहून ठेवण्याचे श्रमही फारसे कोणी घेतलेले नाहीत. वाद्याची योग्यता पाहता ही उपेक्षा अन्यायाची आहे.

ताइशोगोतोचा निर्माता गोरो मोरिता. जपानमध्ये निगेनकिन नावाचे दोन तारांचे जुने वाद्य होते. ते वाजवायला सोपे दिसले, तरी तारेवर नेमक्या जागी बोट सरकवण्यासाठी तयार कान आणि बरीच वर्षे लागत. मोरिताने त्यावर कळा बसवल्या. परदेशात पाहिलेल्या टाइपरायटरवरून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. 1912 च्या जुलैत मेइजी सम्राटाचा मृत्यू होऊन ताइशो कालखंड सुरू झाला होता, आणि नव्या वाद्याला त्या कालखंडाचेच नाव मिळाले. ज्यांना गुरूकडे जाणे शक्य नाही अशा घरगुती हौशी माणसांसाठी हे वाद्य होते. कळांवर आकडे छापलेले असत आणि गाण्यांची पुस्तकेही आकड्यांच्या लिपीत निघत. एक, दोन, तीन वाचता येणाऱ्याला चार दिवसांत एखादी ओळखीची चाल वाजवता येई.

वाद्याची युक्ती जवळून पाहिली की तिचे कौतुक वाटते. पेटीच्या माथ्यावर सतारीसारखे, पण सरळ आणि न हलणारे धातूचे पडदे ठोकलेले असतात. प्रत्येक कळेच्या पोटाशी धातूची छोटी पट्टी असते. कळ दाबली की ती पट्टी सुरांच्या सगळ्या तारा एकदम पडद्यावर टेकवते. बोट उचलले की स्प्रिंग कळेला वर ढकलते. कळांची मांडणी हार्मोनियमसारखी, शुद्ध स्वरांची एक ओळ आणि कोमल-तीव्र स्वरांची दुसरी. सुरांच्या तारा एकाच स्वरात किंवा सप्तकाच्या अंतराने लावतात. हिंदुस्थानी बनावटीत त्यांच्या बाजूला आणखी काही तारा असतात. त्यांच्यावर कळा पोहोचत नाहीत, त्या षड्ज आणि पंचमात मोकळ्या वाजत राहतात. तंबोऱ्याच्या साथीची सवय असलेल्या कानांनी केलेली ही भर आहे. छेडलेला सूर लवकर विरतो, म्हणून वादक नखी तारांवर अखंड मागेपुढे फिरवतो. त्या थरथरीमुळेच बेंजो दुरूनही ओळखू येतो. पडद्यावर तार ओढता येत नसल्याने मींड मात्र निघत नाही. ती उणीव जाणकार वादक शेजारच्या कळांवर झटपट बोटे टाकून, खटके आणि मुरक्या घेऊन भरून काढतो.

असे वाद्य नागोयातच निघावे यामागे कारण आहे. या शहराच्या पाठीशी किसो खोऱ्यातली जंगले आहेत आणि लाकूडकामाची परंपरा जुनी आहे. शामिसेन हे जपानी तंतुवाद्य बनवणाऱ्या घरातला मासाकिची सुझुकी याने 1880 च्या दशकाच्या अखेरीस एक व्हायोलिन पाहून तसेच दुसरे घडवले आणि पुढे कारखाना काढला. पहिल्या महायुद्धात जर्मन वाद्ये बाजारातून नाहीशी झाली, तेव्हा या कारखान्याचा माल जगभर गेला. व्हायोलिन शिकवण्याच्या सुझुकी पद्धतीचे प्रवर्तक शिनिची सुझुकी हे त्याचेच पुत्र. होशिनो या पुस्तकांच्या दुकानाने 1908 मध्ये याच शहरात वाद्ये विकायला सुरुवात केली. पुढे इबानेझ नावाच्या गिटारी याच घराण्याने काढल्या. तेरादाचा वाद्यांचा कारखाना 1912 मधला, म्हणजे ताइशोगोतोच्याच वयाचा. स्वस्त, नेटकी आणि मोठ्या संख्येने तंतुवाद्ये काढणारे हात इथे आधीपासून तयार होते.

ही वाद्ये हिंदुस्थानात आली त्या वाटेवर आधी कापूस गेला होता. 1893 साली जमशेटजी टाटा आणि निप्पॉन युसेन कैशा या जपानी जहाज कंपनीने मिळून मुंबई ते कोबे अशी थेट जहाजसेवा सुरू केली. पी अँड ओ ही ब्रिटिश जहाज कंपनी आणि तिच्या जोडीदार कंपन्यांनी वाहतुकीवर जी मक्तेदारी बसवली होती, ती मोडणे हा तिचा हेतू होता. सार्वजनिक गणेशोत्सवाची सुरुवातही त्याच वर्षी झाली, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे. ओसाकाच्या गिरण्यांना आखूड धाग्याचा हिंदुस्थानी कापूस हवा होता. पहिल्या महायुद्धाआधी त्यांच्या कापसाचा सर्वांत मोठा भाग हिंदुस्थानातून जाई. मुंबईच्या बाजारात वऱ्हाड, खानदेश आणि निजामी मुलखाच्या मालाला ‘ऊमरा’ म्हणत. अमरावतीच्या नावावरून पडलेली ही संज्ञा. पैनगंगेच्या उत्तरेला यवतमाळ आणि दक्षिणेला तेलंगणातले तलमडुगू, आदिलाबाद हा काळ्या मातीचा एकच पट्टा आहे. आज मध्ये राज्याची सीमा असली तरी दोन्हीकडे शेतात कापूसच उभा दिसतो आणि दोन्हीकडे मराठी बोलली जाते. अशा मुलखांतल्या गाठी मुंबईच्या गोदीत जहाजावर चढत आणि उलट फेरीत जपानी कापड, काचसामान, खेळणी, सायकलींचे भाग असा स्वस्त माल उतरे. दोन महायुद्धांच्या दरम्यान हा ओघ इतका वाढला की 1933 साली सरकारने जपानी कापडावरची जकात 75 टक्क्यांवर नेली. जपानी गिरण्यांनी उत्तरादाखल हिंदुस्थानी कापसावर बहिष्कार घातला आणि 1934 च्या करारानंतरच ते प्रकरण मिटले. ताइशोगोतो हिंदुस्थानात पोहोचले ते बहुधा याच 1930 च्या दशकात.

हे वाद्य कुठे कुठे रुजले हे पाहिले तर समुद्रमार्गांचा नकाशा समोर येतो. कराची आणि बलुचिस्तानात ते बेंजू झाले. तिथे त्याची पेटी मोठी झाली आणि बलुची संगीतात त्याला मानाचे स्थान मिळाले. मालदीवमध्ये ते बुलबुल म्हणून वाजते. बाली आणि लोम्बोक बेटांवर त्याची स्थानिक रूपे आहेत. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, मोम्बासाच्या तारब संगीतात, ते जवळपास मूळ नावानेच वावरते. या किनाऱ्यांचे एकमेकांशी संगीताचे येणेजाणे होतेच. झांझिबारची विख्यात गायिका सिती बिंती साद 1928 साली ध्वनिमुद्रिकांसाठी मुंबईला आली होती. या प्रसारामागे कोणत्याही दरबाराचा, अकादमीचा किंवा घराण्याचा हात नव्हता. बंदरात उतरलेला माल दुकानात आला, ज्याला परवडला त्याने घेतला आणि स्वतःच वाजवून पाहिला.

मराठी मुलखात त्याला घर मिळाले ते हार्मोनियममुळे. पॅरिसमध्ये दबाँ या वाद्यनिर्मात्याने 1842 साली पेटंट घेतलेले ते वाद्य एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संगीत नाटकात आणि भजनात पक्के झाले होते. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी त्याला एकलवादनाची प्रतिष्ठा दिली होती. आकाशवाणीने 1940 ते 1971 या काळात हार्मोनियमला मज्जाव केला, तरी गावोगावच्या देवळांत आणि चाळींत पेटी वाजतच राहिली. म्हणजे काळी-पांढरी पट्टी, कळांवर फिरणारी बोटे, पट्टी बदलून गाणे हे सगळे लोकांच्या हाडीमाशी भिनले होते. बेंजोच्या कळांची रचना तीच, किंमत मात्र पेटीपेक्षा पुष्कळ कमी आणि भात्याची कटकट नाही. पेटीवर हात बसलेल्या माणसाला बेंजो परका वाटला नाही.

डिसेंबर 1941 मध्ये जपान युद्धात उतरल्यावर तिकडचा माल बंद झाला. स्वातंत्र्यानंतरही आयातीवर कडक निर्बंध राहिले. तोवर देशी कारागिरांनी हे वाद्य बनवणे आत्मसात केले होते आणि पुढे सगळी भिस्त त्यांच्यावरच राहिली. जपानी पेटी हलक्या किरी लाकडाची, वर रंगीत लाखेची नक्षी. देशी पेटीला जाड लाकूड किंवा प्लायवूड वापरू लागले, तारा वाढल्या, खुंट्या दणकट झाल्या. देखणेपण थोडे कमी झाले, पण मुंबईचा पावसाळा आणि मिरवणुकीतले धक्के सोसणारे वाद्य हाती आले.

खरा कायापालट विजेने केला. मूळ पेटीचा आवाज माजघरापुरता असतो. ताशासमोर तो ऐकूसुद्धा येत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वस्त अँप्लिफायर मिळू लागले, तसे वादकांनी तारांखाली इलेक्ट्रिक गिटारचा चुंबकीय पिकअप बसवला. तारा पोलादी असल्याने ही जोडणी सहज जमली. हातगाडीवर किंवा टेम्पोवर जनरेटर, त्यावर कर्णे, मागे ढोल, ताशा, ढोलकी, नंतर ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड, आणि या सगळ्यांच्या पुढे चाल धरणारा बेंजो मास्टर अशी बेंजो पार्टी उभी राहिली. ब्रासबँडला डझनभर फुंकणारे लागत. इथे चालीसाठी एक माणूस पुरे. सुपारीचा दर त्यामुळे कामगार वस्तीतल्या मंडळाला परवडे. कर्ण्यातून थोडा फाटलेला, धारदार सूर हाच पुढे बेंजोचा खास सूर ठरला. त्यावर कोळीगीते, भीमगीते, भक्तिगीते, सिनेमातली गाणी सगळे वाजते. पुढची चाल कोणती घ्यायची हे मास्टर समोरच्या नाचणाऱ्यांची पावले पाहून ठरवतो आणि तालवाल्यांना नुसत्या मानेने इशारा देतो. एका चालीतून दुसरीत न थांबता जाणे, त्यासाठी पट्टी आधीच मनात जुळवून ठेवणे आणि चार-पाच तास उभ्याने नखीचा वेग टिकवणे ही विद्या आहे. ती कोणत्याही संगीत विद्यालयाच्या अभ्यासक्रमात नाही. थोरल्या भावाकडून किंवा पार्टीतल्या जुन्या माणसाकडून शिकली जाते. रवी जाधव यांनी 2016 मध्ये ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट काढला तेव्हा मुंबईच्या वस्त्यांतला हा वादक मोठ्या पडद्यावर नायक झाला.

जपानमध्ये ताइशोगोतोची वाट वेगळी झाली. पहिला बहर ओसरल्यावर ते बराच काळ मागे पडले आणि पुन्हा उभे राहिले ते समूहवादनाच्या रूपात. आज तिथे उंच, मध्यम, खर्ज अशा वेगवेगळ्या आकारांची ताइशोगोतो घेऊन हौशी मंडळी एकत्र बसून वाजवतात. नागोया आणि आसपासच्या कारखान्यांचे लक्ष मात्र युद्धानंतर गिटारीकडे वळले. गिफू प्रांतातल्या कानी गावी याइरी, साकाशिता गावी 1962 पासून ताकामिने हे गिटारींचे कारखाने. डोंगरांपलीकडे मात्सुमोतोला, शिलाई मशीनच्या लाकडी पेट्या बनवणारे मात्सुमोकु आणि 1977 मध्ये निघालेले हेडवे. 1960 आणि 1970 च्या दशकांतल्या या अकूस्टिक गिटारी आज जगभरचे शौकीन शोधून घेतात. एकाच कारखान्यातून निघालेली गिटार दहा वेगवेगळ्या लेबलांखाली विकली जाई, त्यामुळे अनोळखी नावाच्या गिटारीतही उत्तम लाकूड आणि काम सापडते. त्याच परिसराच्या हस्तकौशल्यातून आलेल्या आणि त्यांच्याहून अर्धशतकाने जुन्या ताइशोगोतोला मात्र तेवढे ग्राहक नाहीत.

जुनी जपानी पेटी कुठे अडगळीत किंवा जुन्या बाजारात मिळाली तर ती ओळखायला अवघड नाही. ती देशी पेटीपेक्षा लक्षात येण्याइतकी हलकी असते, माथ्यावर करकोचे किंवा फुले रंगवलेली असतात आणि मोकळ्या साथीच्या तारांची वेगळी सोय नसते. पाहायचे ते तीन ठिकाणी: पडदे झिजून खड्डे पडलेत का, कळांखालच्या स्प्रिंगा अजून उसळतात का, आणि तारांच्या ताणाने घोडीपाशी माथा खचला आहे का. पडदे आणि स्प्रिंगा कोणताही चांगला पेटीवाला बदलून देतो. खचलेला माथा दुरुस्त करणे कठीण. नव्या तारा चढवताना जाड तारा टाळाव्यात, कारण मूळ बांधणी घरगुती आवाजाच्या बेताने केलेली असते आणि मिरवणुकीच्या बेंजोइतका ताण ती पेलत नाही. माथ्यावरची लाख कितीही काळवंडली असली तरी ती खरवडून नवे पॉलिश करू नये. पिकअप बसवायचाच असेल तर पेटीला भोक न पाडता वरून चिकटवता येणारा घ्यावा.