कुळाचे नाव, मजुराची उचल

२७ ऑक्टोबर १९३३. दिवाळी सरून आठवडा झाला होता. अलिबाग तालुक्यात पोयनाडजवळच्या चरी या गावी कुळांची सभा भरली आणि खोत-सावकारांची जमीन यापुढे कसायची नाही, असे तिथे ठरले. पुढारी होते नारायण नागू पाटील. आसपासची पंचवीस गावे या संपात उतरली आणि तो थेट १९३९ पर्यंत चालला. गिरणी कामगाराच्या संपात मालकाचे यंत्र थांबते. इथे ज्या खाचरातून वर्षाचे भात घरात यायचे, तेच खाचर कुळाने पडीक ठेवायचे होते. सहा वर्षे माणसे लाकूडफाटा विकून, खाडीत मासळी धरून, मिळेल तिथे मजुरी करून जगली. ज्या घरात भात येत नव्हते, त्या घरातली चूल बाईने कशी पेटती ठेवली, याची नोंद मात्र कोणत्याच दप्तरात नाही.

भांडण कशाचे होते, हे समजायला खारपट्टी समजून घ्यावी लागते. भरतीचे पाणी मातीच्या बांधाने अडवायचे, पावसाच्या पाण्याने जमिनीतले मीठ धुऊन काढायचे आणि मग तिथे भात लावायचे, अशी ही शेती. उधाणात बांधाला खांड पडली की खारे पाणी आत शिरते आणि जमीन काही वर्षांसाठी हातची जाते. म्हणून बांध सतत राखावा लागतो. तो राखायचे कुळाचे हात, आणि जमीन मात्र खोताची. खोत हा मुळात गावचा सारा गोळा करून सरकारात भरणारा मध्यस्थ. कोकणातल्या खोतीला १८८० च्या कायद्याने लेखी चौकट मिळाली आणि हा मध्यस्थ व्यवहारात गावचा धनी झाला. खंड धान्यात ठरलेला असे. पीक बुडाले तरी तो चुकत नसे. राहिलेली बाकी कर्जात जमा होई, आणि वर खोताच्या घरची वेठ असे ती निराळीच.

हा संप एकट्या चरीचा राहिला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी अनंतराव चित्रे यांनी तो आपला मानला. १९२७ चा महाडचा सत्याग्रह याच कुलाबा जिल्ह्यातला. त्यामुळे पाण्याचा हक्क आणि जमिनीचा हक्क हे दोन प्रश्न इथल्या लोकांना फार लांबचे वाटले नसावेत. १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन झाला. त्याच्या नावातच ‘मजूर’ होता. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातले हजारो शेतकरी मोर्चाने मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेले. महसूलमंत्री मोरारजी देसाई यांना चरीची दखल घ्यावी लागली. १९३९ मध्ये मुंबई प्रांताचा कूळ कायदा आला आणि संप मिटला. पुढे १९४८ चा कूळवहिवाट कायदा, १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा आणि शेवटी १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन आला. त्या दिवशी कायद्याने कुळाला जमिनीचा मालक मानले. खाचर पडीक ठेवून उपास काढलेल्यांच्या पुढच्या पिढीचे नाव सात-बारावर चढले. महाराष्ट्राच्या शेतकरी चळवळीत इतका लांबलेला आणि इतका फळाला आलेला दुसरा संप शोधावा लागेल.

इथवरची कथा आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावीच. पण १९४८ च्या कायद्यातले चौथे कलम वाचले की आपण जरा थबकतो. दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा तो कूळ, असे हे कलम म्हणते आणि लगेच अपवाद सांगते. रोख किंवा धान्यात वेतन घेणारा गडी हा कूळ नव्हे. मालकाच्या देखरेखीखाली राबणारा मजूरही कूळ नव्हे. व्याख्या म्हटली की कुठेतरी रेघ ओढावी लागते, हे खरे. पण रेघेच्या अलीकडचा माणूस वीस वर्षांत मालक झाला आणि पलीकडचा गडीच राहिला. अलीकडच्यांनाही सगळे सरळ मिळाले असे नाही. वि. म. दांडेकर आणि जी. जे. खुदानपूर यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दाखवले की, अनेक ठिकाणी कुळांनी ‘राजीखुशीने’ जमिनी सोडल्याची नोंद होती. ही खुशी किती खरी होती, हाच प्रश्न होता. ज्यांच्यामागे संघटना होती, त्यांना अशा राजीनाम्यांना तोंड देता आले. गड्याकडे मात्र सोडायलाही काही नव्हते.

ही रेघ एकट्या मुंबई प्रांताने ओढली असे नाही. चरीची सभा भरली त्याच ऑक्टोबर १९३३ मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात कापूसवेचणीचा मोठा संप चालू होता. बारा ते अठरा हजार मजूर त्यात होते आणि त्यांतले बहुसंख्य मेक्सिकन, म्हणजे आज ज्यांना लॅटिनो म्हणतात त्यांपैकी होते. शंभर पौंड वेचणीला एक डॉलर, ही त्यांची मागणी. १० ऑक्टोबरला गोळीबारात तिघे ठार झाले आणि महिनाअखेर ७५ सेंटांवर तडजोड झाली. दोनच वर्षांनी, १९३५ मध्ये, अमेरिकेने कामगारांना संघटनेचा हक्क देणारा मोठा कायदा केला. त्यातल्या ‘कामगार’ या शब्दाच्या व्याख्येतून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले. तो हक्क कॅलिफोर्नियाच्या शेतमजुरांना त्यांच्या राज्याच्या कायद्याने मिळाला तो १९७५ मध्ये. त्याआधी द्राक्षमळ्यांतल्या फिलिपिनो आणि मेक्सिकन मजुरांना १९६५ पासून पाच वर्षे संप करावा लागला. सेझार चावेझ यांचे नाव जगाला कळले ते या लढ्यातून, आणि उपवास, पदयात्रा, बहिष्कार ही आपली साधने गांधीजींकडून घेतल्याचे ते सांगत. चाळीस वर्षांचे अंतर पडले ते एका व्याख्येमुळे.

रायगडात हे अंतर अजून मिटलेले नाही. व्याख्येच्या पलीकडे राहिलेल्यांत मोठा वाटा कातकऱ्यांचा. खैरापासून कात काढणारे म्हणून कातकरी. जंगल सरकारजमा झाले, कात गेला आणि ते दुसऱ्याच्या शेतावर, मिठागरावर, वीटभट्टीवर आले. महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी ही एक. कित्येक कातकरीवाड्या आजही दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर आहेत. तिथे घर आहे, पण घराखालची जमीन नावावर नाही. पावसाळ्यात भाताची कामे संपली की मुकादम उचल देतो. दिवाळीनंतर नवरा-बायकोची जोडी भट्टीवर जाते. मजुरी हजार विटांमागे धरतात आणि ती जोडीची मिळून असते. बाईचा वेगळा हिशेब होत नाही. आठवड्याला खर्ची मिळते आणि पावसाच्या तोंडावर हिशेब होतो. हिशेब मालकाच्या वहीत असतो. उचल फिटली नाही तर ती पुढच्या हंगामावर चढते. पीक बुडाल्यावर खोताच्या वहीत जे व्हायचे, तेच इथे होते. शाळेतल्या मुलांचे अर्धे वर्षही या वहीतच जाते.

कायदे नाहीत असे नाही. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने उचलीपोटी बांधून घेतलेले श्रम गुन्हा ठरवले. आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये सांगितले, की किमान वेतनाहून कमी मजुरीवर करून घेतलेले काम ही वेठच. तरी कायदा भट्टीपर्यंत पोहोचायला मजुराचे नाव कुठेतरी लिहिलेले असावे लागते, आणि चरीचा धडाही तोच आहे. कुळाला जमीन नुसत्या कायद्याने मिळाली नाही. आधी पंचवीस गावे एकत्र आली आणि मग कायद्याला त्यांची नावे लिहावी लागली. कूळ निदान एका गावात ठाण मांडून होते. आज या खाडीवर असलेला आणि पुढच्या साली दुसऱ्या तालुक्यात गेलेला मजूर सभा कुठे भरवणार? संघटनेची अडचण नेमकी इथे आहे. ती सोडवण्याचे काम मजुरांवरच टाकून बाकीच्यांना मोकळे होता येणार नाही.

दरवर्षी २७ ऑक्टोबरच्या सुमारास चरीच्या संपाची आठवण निघते. त्याच दिवसांत वाड्यावाड्यांवर टेंपो येऊन उभे राहतात. भांडी, गोधड्या, कोंबड्या, पोरे वर चढतात. चरीच्या वारसांनी त्या दिवशी हाराबरोबर एक कोरी वहीही घेऊन जावी आणि टेंपोत बसणाऱ्या प्रत्येकाचे नाव, उचलीची रक्कम आणि भट्टीचे ठिकाण तिच्यात लिहावे. बाईचे नाव वेगळ्या ओळीत लिहावे. पावसाच्या तोंडावर हिशेब होईल तेव्हा मालकाच्या वहीशेजारी ही दुसरी वही ठेवता येईल.