उलट्या विमानाला पेट्रोल कोण पाजते?

वडनेर भोलजी हे नांदुरा तालुक्यातले महामार्गावरचे गाव. वऱ्हाडातल्या इतर गावांप्रमाणे इथेही गवत कापायला पेट्रोलचे ब्रशकटर आले आहे. मोटारसायकलीची टाकी वर असते, पेट्रोल आपल्या वजनाने खाली उतरते. ब्रशकटर मात्र कसेही तिरके धरा, चालूच राहते. पेट्रोलवर उडणाऱ्या छोट्या मॉडेल विमानाचे गुपितही हेच. ते हवेत उलटे होते, तरी इंजिन उपाशी राहत नाही.

खालचा द्रव वर ओढण्याचा प्रश्न जुना आहे. दियारबकरच्या दरबारातले अल-जझरी यांनी १२०६ मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथात दोन सिलिंडरांचा पंप आहे. एक दट्ट्या पाणी ओढतो तेव्हा दुसरा ढकलतो. झडपा पाणी मागे फिरू देत नाहीत. आजचा कार्ब्युरेटर थेट तिथून आला, असा दावा कुणी करू नये. तत्त्व मात्र तेच आहे.

अमेरिकेत १९३३ च्या राष्ट्रीय स्पर्धेत मॅक्सवेल बॅसेट या तरुणाने बिल ब्राउनच्या छोट्या पेट्रोल इंजिनावर मॉडेल उडवून रबराच्या पिळावर उडणाऱ्या विमानांना मागे टाकले. तेव्हा इंजिन स्वतःच इंधन ओढून घेई, म्हणून टाकी त्याच्या जवळ आणि त्याच्याच पातळीवर ठेवावी लागे. पुढे चेनसॉची इंजिने मॉडेलवर बसू लागली आणि त्यांच्याबरोबर पडद्याचा कार्ब्युरेटर आला. इंजिनाच्या पोटातला दाब प्रत्येक फेऱ्याला कमी-जास्त होतो, त्याने पातळ पडदा थरथरतो आणि तोच पंप बनतो. त्यामुळे टाकी विमानाच्या तोलाच्या जागी ठेवता येते. पेट्रोल संपत गेले तरी तोल ढळत नाही.

जोडणीत तीन गोष्टी सांभाळायच्या. टाकीतल्या लवचीक नळीच्या टोकाला वजनदार गाळणी हवी. पेट्रोल जिकडे जाईल तिकडे ती गेली पाहिजे, पण मागच्या भिंतीला अडकता कामा नये. हवा आत येण्यासाठी वेगळी नळी मोकळी हवी, नाहीतर टाकीत पोकळी होऊन इंजिन बंद पडते. आणि नळी पेट्रोल सोसणारीच घ्यावी. सिलिकॉनची पेट्रोलात फुगून खराब होते.

या बारकाईची किंमत मेनार्ड हिल यांनी दाखवली. ऑगस्ट २००३ मध्ये, वयाच्या ७७ व्या वर्षी, दृष्टी जवळजवळ गेलेली असताना, त्यांचे पाच किलोहून हलके मॉडेल न्यूफाउंडलंडहून आयर्लंडला पोहोचले. सुमारे ३,०३० किलोमीटर, जवळपास ३९ तास. टाकीत भरले होते कंदिलाचे इंधन, आणि उतरताना ते जेमतेम उरले होते.

अल-जझरींचे नाव आपण भाषणांत अभिमानाने घेतो. पण ते स्वतः कारागीर होते. दुसऱ्या कारागिराला तसेच यंत्र बनवता यावे, म्हणून त्यांनी मापे आणि जोडणी लिहून ठेवली. ब्रशकटरचा फाटलेला पडदा बदलणारा आपल्या गल्लीतला मुलगा त्याच ज्ञानाचा वारस आहे. शाळेने त्याला नापास ठरवलेले असते आणि आपण ‘मिस्त्री’ म्हणून विषय संपवतो. त्याला येते ते मराठीत लिहून ठेवले नाही, तर ते त्याच्या हातांबरोबरच जाईल. अभिमानाचे भाषण थोडे कमी करून त्याच्याशेजारी वही घेऊन बसायला हवे.