तळटीप : ‘टाइप १’
१. ‘टाइप १’ : जुन्या बेसबॉल छायाचित्रांच्या अमेरिकी लिलावांत भाव ठरवणारी प्रतवारी. मूळ निगेटिव्हवरून, फोटो टिपल्यापासून साधारण दोन वर्षांच्या आत काढलेली प्रत ती ‘टाइप १’. निगेटिव्ह तेच पण प्रत बरीच उशिराची, तर ‘टाइप २’. दुय्यम निगेटिव्हच्या किंवा तारेने आलेल्या प्रती त्याखाली. छायाचित्रकार चार्ल्स कॉनलनने टिपलेला, धूळ उडवत तिसऱ्या बेसवर घसरणारा बेसबॉलपटू टाय कॉब पुस्तकांतून असंख्य वेळा छापला गेला, तरी चढी बोली लागते ती त्या काळच्या कागदावरच. म्हणून जाणकार आधी फोटोची पाठ पाहतात : शिक्का, तारीख, चिकटवलेला मजकूर. दर्शनी बाजूवरच्या, छपाईसाठी केलेल्या पेन्सिलखुणा काहींना डाग वाटतात. प्रस्तुत संपादकाला त्याच अधिक बोलक्या वाटतात. – संपा.