क्राइस्टचर्च गुणसूत्र

न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्चचे नाव एका तुटक्या गुणसूत्राला १९६२ साली मिळाले. फ्रेडरिक गुंझ, पीटर फिट्झगेराल्ड आणि अँजेला अ‍ॅडम्स यांनी त्या वर्षी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये या गुणसूत्राचे वर्णन केले. दीर्घकालीन लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे लसिकापेशींचा रक्तकर्करोग, ज्या कुटुंबात आढळला होता, तिथे ते सापडले. अगदी लहान आकाराच्या या गुणसूत्राची आखूड भुजा नाहीशी झाली होती.

तो काळ ध्यानात घ्यायला हवा. माणसाची गुणसूत्रे ४६, हे ठरले १९५६ साली. दुसऱ्या एका रक्तकर्करोगातले ‘फिलाडेल्फिया गुणसूत्र’ १९६० साली सापडले आणि शहराच्या नावाने ओळखले जाऊ लागले. क्राइस्टचर्चचे बारसेही त्याच रीतीने झाले. पट्टे उमटवणारी रंजनपद्धत तेव्हा नव्हती. त्यामुळे २१ आणि २२ क्रमांकांची गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली वेगळी ओळखता येत नसत. तुकडा कमी आहे एवढे मात्र दिसे.

हे गुणसूत्र वंशपरंपरेने आलेले होते आणि निरोगी नातेवाइकांतही होते. १९६९ साली फिट्झगेराल्ड आणि हेमर यांनी ते बाळगणाऱ्या तिसऱ्या रुग्णाची नोंद केली, तेव्हा रोगाचे मूळ याच गुणसूत्रात असावे हा संशय बळावणे साहजिकच होते. पण या रोगाच्या इतर रुग्णांत ते सहसा आढळेना, आणि रोग नसलेल्या माणसांत मात्र आढळले.

ते निरुपद्रवी असण्याचे कारण त्या नाहीशा झालेल्या भुजेतच आहे. १३, १४, १५, २१ आणि २२ या पाच गुणसूत्रांच्या आखूड भुजांवर रायबोसोमच्या आरएनएची जनुके पुष्कळ प्रतींत असतात. एक भुजा गेली तरी बाकीच्यांवर काम भागते. पाचव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेचे तसे नाही. तिचा टोकाचा तुकडा गेला की बाळाचे रडणे मांजरीसारखे बारीक होते, वाढ व बुद्धी मागे पडते. जेरोम लजन यांनी १९६३ साली वर्णिलेला ‘क्री द्यु शा’ विकार तो हाच. म्हणून तपासणी-अहवालात नुसता ‘लोप’ हा शब्द वाचून आईवडिलांनी धीर सोडू नये. कोणता तुकडा गेला, हे आधी विचारावे.

लिम्फोसायटिक ल्युकेमियाशी खरोखर निगडित असलेला लोप पुढे १३व्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर सापडला. सुमारे निम्म्या रुग्णांत तो असतो. मात्र तो जन्मतः सर्व पेशींत नसतो, रोगट पेशींतच घडून येतो. वर सांगितलेल्या पाच गुणसूत्रांच्या आखूड भुजांची डीएनएची अक्षरमाला मात्र २०२२ साली प्रथमच सलग वाचून प्रसिद्ध झाली.