वेंब्ले येथील एक गोल

३० जुलै १९६६ रोजीं लंडनच्या वेंब्ले मैदानावर इंग्लंड व पश्चिम जर्मनी यांचा विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. ९० मिनिटांअखेर उभयतांचे दोन दोन गोल झाले होते. जादा वेळांत इंग्लंडच्या हर्स्टनें मारलेला चेंडू आडव्या दांडीस खालून आपटून जमिनीवर आला व जर्मन खेळाडूनें तो डोक्यानें बाहेर उडविला. नियमाप्रमाणें संबंध चेंडू रेषेपलीकडे गेला पाहिजे. तो गेला काय? स्विस पंच डीन्स्ट यांस खात्री नव्हती, म्हणून ते रेषापंच बहरामोव्ह यांजकडे गेले. एकमेकांची भाषा दोघांस येईना. खुणांवर गोल ठरला! पुढें इंग्लंड ४-२ असें जिंकलें.

जर्मनांचा संताप आम्हांस रास्त वाटतो; पक्षपाताचा आरोप मात्र पटत नाहीं. दोष व्यवस्थेचा होता. संशय आलेल्या न्यायाधीशास पुन्हां पाहण्याची सोयच नव्हती. २०१० सालीं ब्लूमफाँटेन येथें जर्मनीविरुद्धच लँपार्डचा चेंडू रेषेच्या चांगला आंत पडूनहि गोल नाकारला गेला, तेव्हां कोठें अधिकाऱ्यांस जाग आली. गोलरेषेवर यंत्राचा पहारा विश्वचषकांत बसला तो २०१४ सालीं. बहरामोव्ह अझरबैजानचे, बाकू येथील एका मोठ्या क्रीडांगणास आज त्यांचें नांव आहे.